चँटर ते ग्लासगो ग्रीन: पाइप बँडच्या मुलखातला आठवडा

मंगळवार, १५ ऑगस्ट २०२३

ऑगस्ट म्हणजे पुण्यात पथकाच्या सरावाचा महिना. पण यंदा अधिक श्रावण आला, गणपती १९ सप्टेंबरवर गेले आणि मला आठवडा मोकळा मिळाला. बहीण ग्लासगोजवळ राहायला आल्यापासून म्हणत होती, "दादा, येशील तर वर्ल्ड्सच्या वेळी ये." वर्ल्ड्स म्हणजे पाइप बँडची, म्हणजे बॅगपाइप आणि ड्रमच्या पथकांची, जागतिक स्पर्धा. इथे तिचं पूर्ण नाव कुणीच घेत नाही. बारा वर्षांचा भाचा गावातल्या बँडमध्ये शिकतो, तेव्हा मला ताशा सोडून दुसऱ्या वाद्याच्या घरात शिरायला वाट होती.

शहरात सध्या 'पायपिंग लाइव्ह' चालू आहे. २००४ साली सुरू झालेला हा उत्सव वर्ल्ड्सच्या आधीच्या आठवड्यात असतो. बुकॅनन स्ट्रीटवर दुकानांच्या रांगेत मध्येच गोल करून बँड उभा राहतो, वाजवतो आणि पुढे जातो. माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकतात.

मी आधी मॅकफेटर स्ट्रीटवरच्या नॅशनल पायपिंग सेंटरमध्ये गेलो. जुन्या चर्चच्या इमारतीत १९९६ साली ही संस्था सुरू झाली. शिकवायचे वर्ग, छोटं सभागृह आणि एक संग्रहालय आहे. संग्रहालयात एका काचेआड काळपट लाकडाचा एक चँटर ठेवलाय. चँटर म्हणजे पाइपची ज्यावर बोटं फिरतात ती नळी. हा इयान दाल मकाय या अंध पायपरचा. हायलँडच्या, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातल्या, पाइपचा आजवर टिकून राहिलेला सगळ्यात जुना चँटर हाच मानतात. इयान दाल सतराव्या-अठराव्या शतकातला, गेरलॉकचा. स्काय बेटावर मॅक्रिमन घराण्याकडे जाऊन शिकला. पुढे त्याचे वंशज कॅनडात नोव्हा स्कोशियाला गेले, तेव्हा चँटरही समुद्रापार गेला. मी बराच वेळ त्याची भोकंच बघत होतो. डोळे नसलेल्या माणसाला या भोकांच्या कडा किती पाठ असतील!

मॅक्रिमन हे डन्वेगनच्या मॅक्लाउड सरदारांचे वंशपरंपरागत पायपर. त्यांच्याकडे विद्या तोंडी चालायची. गुरू गाऊन सांगायचा: होदिन, हिओदिन अशी अक्षरं, प्रत्येक स्वराला आणि प्रत्येक हरकतीला ठरलेलं अक्षर. या पद्धतीला कँटरॅक म्हणतात. तबल्याचे बोल आधी तोंडात आणि मग हातात, असं शिकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. कागदावरचं नोटेशन फार नंतर आलं, आणि आजही जुन्या मोठ्या रचना शिकवताना चांगला शिक्षक गाऊनच दाखवतो.

वाद्याचं अंगही आपल्या कानाला परकं नाही. चँटरवर नऊच स्वर निघतात. खालच्या 'ए'ला सा धरलं, तर मंद्र कोमल निषादापासून तार षड्जापर्यंत, मधे सगळे शुद्ध आणि वरचा निषाद पुन्हा कोमल. म्हणजे सरळ खमाज थाट. हा सा हार्मोनियमच्या काळी पाचच्याही थोडा वर चढलेला असतो. गेल्या शंभर वर्षांत तो सतत चढतच गेलाय. खांद्यावरच्या तीन नळ्यांतले दोन टेनर ड्रोन खालच्या सप्तकातला सा धरतात, बेस ड्रोन त्याच्याही खालचा. सनईच्या साथीला सूर धरणारा दुसरा माणूस बसतो, इथे ते काम एकाच माणसाच्या काखेतली पिशवी करते. हवा एकदा सुरू झाली की आवाज थांबत नाही, लहान-मोठाही करता येत नाही. मग 'सा सा' असं दोनदा कसं वाजवायचं? मधे क्षणभर दुसऱ्या बोटाचा स्वर टाकून तोडायचं. पाइपचं सगळं सौंदर्य या तोडण्यात आहे. डबलिंग, ग्रिप, बर्ल अशी त्यांची नावं, आणि ती स्वच्छ यायला वर्षं जातात.

एक गोष्ट मला इथे नीट समजून घ्यायची होती. १७४६मध्ये कलोडनची लढाई झाली, हायलँडर हरले आणि इंग्रजांनी पाइपवर बंदी घातली, असं सगळीकडे सांगतात. कायद्यात शस्त्रं आहेत, हायलँडचा पोशाख आहे, पाइपचं नाव मात्र नाही. खरं घडलं ते जेम्स रीड नावाच्या पायपरच्या बाबतीत. बंडखोरांच्या सैन्यातला हा वादक पकडला गेला आणि यॉर्कला त्याच्यावर खटला चालला. आपण शस्त्र उचललं नाही, फक्त वाजवलं, असं त्याचं म्हणणं. हायलँड पलटण पायपरशिवाय कधी कूच करत नाही, तेव्हा पाइप हेही युद्धाचं हत्यार, असं न्यायालयाने ठरवलं आणि नोव्हेंबर १७४६मध्ये त्याला फाशी दिली. पुढे त्याच ब्रिटिश सैन्याने हायलँड पलटणी उभारल्या, पायपर नेमले, १८५४ साली त्यांना अधिकृत जागाही दिल्या. आपल्याकडे बीटिंग रिट्रीटला पाइप ऐकू येतो तो या पलटणींच्या वाटेनेच आला. सियालकोट आणि मीरतला आज पाइप बनवण्याचे कारखाने आहेत, तेही त्याच ओघात.

बुधवार, १६ ऑगस्ट

सकाळच्या बसने इनव्हरेरी. लोमंड सरोवराच्या काठाकाठाने बस जाते, अरोकरनंतर चढ लागतो आणि 'रेस्ट अँड बी थँकफुल' नावाची खिंड येते. १७४५च्या बंडानंतर (त्याचाच शेवट कलोडनला झाला) सैनिकांनी डोंगरातून रस्ता काढला आणि माथ्यावर हे नाव कोरलेला दगड लावला. आता बाजूच्या उतारावर दरड अडवायच्या जाळ्या आहेत. आमच्या वरंध घाटातून गेलेल्या माणसाला तो डोंगर बघून मनात काय येतं ते सांगायला नको.

इनव्हरेरी म्हणजे लॉक फाइन या खाडीच्या पाण्यालगतची पांढऱ्या घरांची एक ओळ, मधे चर्च, मागे अर्गाइलच्या ड्यूकचा किल्ला. वस्ती सहाशेच्या आसपास. किल्ल्याचं बांधकाम १७४६ सालीच सुरू झालं. इथले कँपबेल, म्हणजे ड्यूकचं घराणं, सरकारच्या बाजूचे होते, त्यामुळे जेम्स रीड यॉर्कला फासावर गेला त्या वर्षी इथे पाया खणला जात होता. इकडच्या पाइपचा इतिहास एका रंगाचा नाही, हे या गावात उभं राहिलं की कळतं.

मी किल्ला बघायला आलो नव्हतो. २००३ साली स्टुअर्ट लिडेल या पायपरने इथल्या मुलांना घेऊन बँड सुरू केला. लिडेल एकल वादनात जगभर नाव असलेला माणूस. त्याचे आजोबा रोनाल्ड मॅकॅलम ड्यूकचे पायपर होते आणि त्यांच्याकडूनच तो शिकला. तो मोठ्या शहरातल्या तयार बँडमध्ये सुखाने राहू शकला असता. त्याने गावातली, आसपासच्या वाड्या-वस्त्यांमधली शाळकरी पोरं गोळा केली. मुलांचा बँड शिकाऊ गटात उतरला, एकेक पायरी चढला, सहा-सात वर्षांत पहिल्या श्रेणीत पोचला आणि २०१७मध्ये 'इनव्हरेरी अँड डिस्ट्रिक्ट' जगज्जेता झाला. २०१९मध्ये पुन्हा. आता या बँडमध्ये बाहेरगावचे, बाहेरदेशचेही वादक आहेत. पहिल्या श्रेणीच्या सगळ्याच बँडचं तसं आहे. पण सुरुवातीची मुलं इथली होती, आणि त्यांनी पहिला चँटर इथे धरला.

मुख्य रस्त्यावर फार काही नाही. लोकरीची दुकानं, जुना तुरुंग आता संग्रहालय झालेला, पर्यटकांच्या बसेस. एका दुकानातल्या बाईंना बँडबद्दल विचारलं तर त्या सरळ म्हणाल्या, "आमची मुलं आज ग्लासगोत आहेत, सरावाला." 'आमची मुलं' या दोन शब्दांसाठी बसचं भाडं वसूल झालं. दुपारी पाऊस आला आणि मी परतीची बस धरली.

गुरुवार, १७ ऑगस्ट

आजचा दिवस गावांचा. सकाळी ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून बाथगेटची गाडी घेतली. एअरड्री ते बाथगेट हा मधला तुकडा कित्येक वर्षं बंद होता, तो डिसेंबर २०१०मध्ये पुन्हा सुरू झाला.

बाथगेट बघितल्याशिवाय पाइप बँड कळत नाही असं मला वाटतं. डोंगर-तळी असं काही इथे नाही. क्लोरोफॉर्मवाला जेम्स यंग सिम्प्सन इथे जन्मला, १८५१ साली दुसऱ्या जेम्स यंगने इथे दगडी कोळशापासून पॅराफिन काढायचा कारखाना घातला, आणि खाणी, पोलाद असं बरंच काही चाललं. १९६१मध्ये ट्रकचा मोठा कारखाना आला, हजारोंना काम मिळालं, आणि १९८६मध्ये तो बंद झाला. मिल संपल्यावरचं गिरणगाव ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढचं सांगावं लागत नाही. इथल्या बॉगहॉल या वस्तीच्या नावाने १९७२ साली एक बँड उभा राहिला: 'बॉगहॉल अँड बाथगेट कॅलेडोनिया'. कारखाना आला-गेला, बँड राहिला. पहिल्या श्रेणीच्या बँडखाली त्यांचे मुलांचे बँड आहेत, शिकाऊ आणि त्याच्या वरचे, आणि खालून वर अशी पोरं येत राहतात. या बँडचं नाव स्कॉटलंडभर निघतं ते मुख्यतः या शिकवण्यासाठी. जागतिक स्पर्धेत मात्र पहिल्या श्रेणीचं विजेतेपद त्यांना अजून एकदाही मिळालेलं नव्हतं.

जवळच शॉट्स आहे. तिथल्या लोखंडाच्या कारखान्याने आणि कोळशाच्या खाणींनी गाव वसवलं, आणि १९१० साली तिथे निघालेला 'शॉट्स अँड डाइकहेड कॅलेडोनिया' १६ वेळा जगज्जेता झाला. ड्रमच्या बाजूला तर ही पंढरीच. अॅलेक्स डथार्ट या शॉट्सच्या ड्रमरने साइड ड्रम नुसता ठेका धरण्यातून बाहेर काढला, त्याला वाक्यं दिली, प्रश्न-उत्तरं दिली. मी ताशावाला, म्हणून याबद्दल मला जरा जास्त सांगावंसं वाटतं. पाइप बँडचा साइड ड्रम टोकाचा ताणलेला असतो, कातड्याखाली तारा, आवाज कोरडा आणि बारीक. आघाडीचा ड्रमर एक ओळ एकटा वाजवतो, मग सगळे त्याच्यावर पडतात, पुन्हा तो एकटा. टिपेचा ताशा आणि मागून येणारं सगळं पथक, हे नातं इथेही तंतोतंत आहे.

या बँडना गावात कुणी रुजवलं? पलटणीतून परतलेल्या माणसांनी, एका शब्दात सांगायचं तर. १८८३ साली ग्लासगोलगतच्या गोवनच्या पोलिसांनी बँड काढला. त्याच वर्षी ग्लासगोत बॉइज ब्रिगेड ही मुलांची संघटना सुरू झाली आणि पुढे हजारो पोरांच्या हातात तिने पाइप आणि ड्रम दिले. फॉलकर्कजवळच्या वॉलेसस्टोन या खाणकामगारांच्या खेड्यात १८८७ साली निघालेला बँड जगातल्या सर्वांत जुन्या नागरी बँडमध्ये मोडतो आणि अजून वाजवतो. मग पहिलं महायुद्ध आलं. अंदाजे अडीच हजार पायपर गेले, त्यातले पाचशेच्या आसपास परत आले नाहीत. सप्टेंबर १९१५मध्ये लूसच्या लढाईत डॅनियल लेडलॉ विषारी वायूत खंदकाच्या कडेवर उभा राहून वाजवत राहिला आणि त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शाळेच्या पुस्तकात लेडलॉ असतो. जे जगले, कोळशाच्या खाणीत परतले आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या पोरांना फुकट शिकवत राहिले, त्यांची नावं पुस्तकात नाहीत. पाइप आज जिवंत आहे तो त्यांच्यामुळे, सरदारांच्या किल्ल्यांमुळे नाही.

बायका यात फार उशिरा आल्या. १९३० साली लंडनजवळच्या डॅगनमला एका पाद्र्याने मुलींचा बँड काढला, 'डॅगनम गर्ल पायपर्स', आणि तो जगभर फिरला. स्कॉटलंडच्या नावाजलेल्या बँडची दारं त्यानंतरही बराच काळ बंदच होती. आता भाच्याच्या बँडमध्ये मुली अर्ध्याला अर्ध्या आहेत आणि ड्रमची आघाडी एका चौदा वर्षांच्या मुलीकडे आहे.

संध्याकाळी त्याच बँडच्या सरावाला गेलो. गावातल्या सभागृहात, फरशीवर बॅडमिंटनच्या रेघा. एका टोकाला नवशिके लांब टेबलाभोवती प्रॅक्टिस चँटर घेऊन बसलेले. याला पिशवी नसते, ड्रोन नसतात, आवाज बारीक. भाचा यांच्यात. दोन वर्षं झाली तरी पूर्ण पाइप त्याला दिलेला नाही आणि त्याचीही काही तक्रार नाही. दुसऱ्या टोकाला ड्रमची मुलं रबरी पॅडवर काठ्या आपटत होती. शिकवणारे सगळे कामावरून थेट आलेले, एकजण प्लंबरच्या कपड्यांत. पैसे कुणी घेत नाही. पाइप बँडचे, किल्ट बँडचे, मुलाने बँड सोडला की परत करायचे. नवा पाइप हजार पौंडांच्या घरात जातो, त्यामुळे ही व्यवस्था नसती तर यातली निम्मी मुलं इथे नसती. खर्चासाठी केक विकतात, लग्नात वाजवतात, गावच्या मिरवणुकीला जातात.

भाच्याच्या शेजारी बसून मी तासभर ऐकलं. शिकवणाऱ्या आजोबांनी एकच ओळ, तीही अर्धी, वीसेक वेळा घेतली. एका मुलाची करंगळी भोकावरून किंचित सुटत होती. आजोबांनी काही न बोलता आपलं बोट त्याच्या करंगळीवर ठेवलं आणि ओळ पुन्हा गायला सुरुवात केली.

नंतर मोठी मुलं पाइप घेऊन गोलात उभी राहिली. आता सुरू झालं ते लावणं. पाइप मेजर, म्हणजे बँडचा प्रमुख, प्रत्येकासमोर जाऊन कान चँटरच्या तोंडाशी नेतो, एकेक स्वर वाजवायला सांगतो. स्वर चढा वाटला की भोकाच्या वरच्या कडेवर काळ्या इलेक्ट्रिकल टेपचा तुकडा केसभर खाली सरकवतो. टेपने भोक किंचित झाकलं की स्वर उतरतो. त्याच्या अंगठ्याच्या नखाने टेप सरकताना मी जवळून बघितलं. सरकलेली दिसलीसुद्धा नाही, पण स्वर बसला. मग रीड. चँटरची रीड वेताच्या दोन पातींची. ती चिमटीत धरून हलकेच दाबतात, फार घट्ट असली तर तोंडात ओली करतात. सांध्यांवर मेणाचा दोरा गुंडाळतात. ड्रोन लावायला हल्ली छोटं यंत्र असतं, तरी शेवटचा निर्णय कानाचाच. दहा-बारा पाइप एकाच सा वर आले की एक क्षण असा येतो की वेगळे आवाज ऐकूच येत नाहीत, हवाच घुमायला लागते. भाच्याने माझी बाही ओढली. "मामा, तू इकडे गोलाच्या मध्याजवळ ये. इथून ड्रोन कळतात." कळले.

शुक्रवार, १८ ऑगस्ट

पाऊस. ग्लासगो ग्रीन या स्पर्धेच्या मैदानावर चिखल. पहिल्या श्रेणीचे बँड आज उतरले, उद्याही वाजवणार. दोन प्रकार असतात: मार्च आणि स्ट्रॅथस्पे, रील या दोन नाचाच्या चाली असा ठरलेला संच, आणि बँडने आपल्या मनाने बांधलेली मेडली. जाणकार पहिल्याला जास्त मान देतात, कारण तिथे लपायला जागा नाही. मला मेडली ऐकताना जास्त आनंद झाला, तरी दुपारनंतर त्यांचं म्हणणं पटायला लागलं.

रात्री बहिणीने पिठलं-भात केला होता. भाच्याने जेवताना टेबलावर बोटांनी डबलिंग वाजवली, ती ओरडली नाही.

शनिवार, १९ ऑगस्ट

सकाळी साडेसातला भाच्याच्या बँडच्या बसमधून निघालो. भाचा वाजवणार नव्हता. त्याच्याकडे पाण्याच्या बाटल्या आणि ड्रमच्या पिशव्या होत्या, आणि तो त्या कुणाला हात लावू देत नव्हता. पथकात नव्या पोराला आधी ध्वज आणि पाणी मिळतं, तेव्हा मला त्याचा अभिमान समजला.

ग्लासगो ग्रीनवर १९८६पासून, कोविडची २०२० आणि २०२१ ही वर्षं सोडली तर, दरवर्षी वर्ल्ड्स होतात. सुमारे दोनशे बँड. मैदानाच्या कडेने प्रत्येकाची बस, बसशेजारी तंबू आणि तंबूशेजारी गोल. म्हणजे एकाच वेळी शेकडो पाइप वेगवेगळ्या चाली वाजवत असतात, आणि त्या सगळ्यात प्रत्येक पाइप मेजर आपलाच सा शोधत असतो. कॅनडा, न्यूझीलंड, अमेरिका, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया. क्वालालंपूरच्या शिखांचा 'श्री दशमेश' बँड २०१९मध्ये इथे आला होता, त्याची आठवण इथल्या एका स्वयंसेवकाने मला बघितल्याबरोबर काढली. फेटे आणि पाइप हे दृश्य त्याच्या मनात पक्कं बसलं होतं.

वाजवायची रीत ठरलेली आहे. बँड रेघेवर ओळींमध्ये उभा राहतो. पाइप मेजर मोठ्याने हुकूम देतो, "बाय द सेंटर, क्विक मार्च!" ड्रम दोनदा गडगडतात, त्यातच पिशव्यांना दाब बसून ड्रोन लागतात, मग सगळे चँटर एकदम पंचमावर येतात आणि तिथून चाल सुरू होते. चालत चालत बँड गोल करतो, वादकांची तोंडं आत, प्रेक्षकांकडे पाठ. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे विचित्र वाटतं. पण एकमेकांचं ऐकल्याशिवाय हे वाजूच शकत नाही. बाहेरून परीक्षक फिरतात: दोन पाइपचे, एक ड्रमचा आणि एक एकूण परिणामाचा. चौघांचे क्रमांक एकत्र करतात, ज्याची बेरीज कमी तो वर. बरोबरी झाली तर एकूण परिणामाचा क्रमांक निर्णय करतो, आणि हे मला फार शहाणपणाचं वाटतं.

आमच्या मुलांची वेळ साडेदहाच्या सुमाराला. शिकाऊ गट, म्हणजे नॉव्हिस जुव्हेनाइल, सगळी शाळेतली. रेघेवर उभी राहिली तेव्हा त्यांच्या गुडघ्यांवर पावसाचे थेंब होते. सुरुवात किंचित सैल गेली: एक पाइप पंचमावर अर्ध्या ठोक्याने उशिरा आला. पण दुसऱ्या भागात सगळी एकत्र आली आणि त्या चौदा वर्षांच्या मुलीने ड्रमची अशी पकड ठेवली की माझे हात आपोआप हलले. संपल्यावर पोरं वळणावर आली आणि सगळी एकदम बोलायला लागली. आजोबांनी प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवला. दुपारी कळलं, पाचवा क्रमांक. मग परीक्षकांचे शेरे आले, ते तंबूत उभ्यानेच मोठ्याने वाचले गेले: सुरुवात पक्की करा, बेस ड्रोन शेवटाकडे ढळतात, ड्रमची साथ उत्तम. 'ड्रमची साथ उत्तम' हे वाक्य दोनदा वाचायला लावलं.

दुपारभर मी पहिल्या श्रेणीच्या गोलापाशी होतो. उत्तर आयर्लंडचा 'फील्ड मार्शल माँटगोमेरी' हा गेल्या तीसेक वर्षांतला सगळ्यात मोठा बँड. त्यांचं ऐकताना एकच प्रचंड पाइप वाजतोय असं वाटतं. इनव्हरेरीच्या मेडलीत एक संथ जागा आली, तिथे एवढ्या गर्दीत कुणी हललं नाही. आणि बॉगहॉल. माझी बाजू गुरुवारीच ठरली होती, हे कबूल. पण त्यांच्या ड्रमनी त्या दिवशी पाइपखाली जी जमीन धरली होती ती बाजू न घेताही ऐकू येत होती.

ही स्पर्धा सुरू झाली ती इथे नाही. क्लाइडच्या खाडीपलीकडे डनूनला कावल गॅदरिंग भरतं. १९०६ साली तिथे पाइप बँडची स्पर्धा ठेवली गेली, राजकन्या लुईझने ढाल दिली, आणि वर्ल्ड्सचा हिशेब तिथपासून धरतात. १९३०मध्ये बँडची संघटना झाली, १९४७पासून अधिकृत जागतिक स्पर्धा तिच्या हातात आली. १९८७मध्ये कॅनडाच्या ओंटारिओचा '७८ फ्रेझर हायलँडर्स' जिंकला, तेव्हा विजेतेपद पहिल्यांदा ब्रिटनबाहेर गेलं. त्या आधीची सहा वर्षं ते स्ट्रॅथक्लाइड पोलिसांकडे होतं, म्हणजे गोवनच्या त्याच १८८३च्या बँडच्या वारसांकडे.

संध्याकाळी सगळे बँड एकामागून एक मैदानात आले आणि एकत्र वाजवलं. हजारो पाइप. इतक्या आवाजात चाल धड ऐकू येत नाही, छातीत येते. मग निकाल, खालच्या गटापासून. प्रत्येक नावानंतर मैदानाच्या कुठल्या तरी कोपऱ्यातून आरडाओरडा, टोप्या वर. पहिल्या श्रेणीला बराच उशीर झाला. नाव पुकारलं: बॉगहॉल अँड बाथगेट कॅलेडोनिया. ५१ वर्षांत पहिल्यांदा. माझ्या पुढे उभा असलेला एक उंच, पांढऱ्या मिशांचा माणूस खाली गवतावर बसला आणि रडला. त्याच्या नातवाने त्याच्या डोक्यावरची टोपी काढून धरली. त्यांच्या लहान मुलांच्या बँडमधली पोरं अडथळ्यांवरून उड्या मारून मोठ्यांच्या गळ्यात पडली. त्या मोठ्यांतले कितीतरी एकेकाळी याच पोरांच्या जागी होते.

परतीच्या बसमध्ये पाचव्या क्रमांकाची मुलं झोपली नाहीत. पुढच्या शनिवारी डनूनला कावल आहे, आणि पाइप मेजरने बस सुरू व्हायच्या आधीच सांगितलं की सोमवार, मंगळवार आणि गुरुवार सराव, सुरुवात पक्की होईपर्यंत फक्त सुरुवात. मी तोपर्यंत पुण्याला पोचलेला असेन, आमचाही सराव तोच चालू असेल. भाचा मागच्या बाकावर आजोबांशेजारी बसला होता. ऑक्टोबरात एक मोठा मुलगा कॉलेजला एडिनबरोला चाललाय, त्याचा पाइप मोकळा होतोय. आजोबा त्याला विचारत होते, पिशवी काखेत बसायला तुझा हात पुरेल का, आणि भाच्याने हात लांब करून दाखवला.